व्हिटनी प्लँटेशन पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्यांच्या यादीत जॅझ असतं, फ्रेंच क्वार्टर असतं आणि ‘एखादं प्लँटेशन’ असतं. मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांनी जाणाऱ्या रिव्हर रोडवर उसाच्या मळेवाल्यांच्या जुन्या कोठ्या बऱ्याच आहेत. खांबांचे व्हरांडे, ओक झाडांची कमान, मालकिणीचे झगे असं सगळं पाहायला मिळतं. व्हिटनी त्यांतलं नाही. तिथे जायचं ठरवणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं.

व्हिटनी नेमकं आहे तरी काय?

लुइझियाना राज्यातली उसाची जुनी इस्टेट. न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेला, गाडीने साधारण तासाभरावर, सेंट जॉन द बॅप्टिस्ट पॅरिशमध्ये (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) वॉलेस आणि एडगार्ड या वस्त्यांजवळ ती आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. इथे मालकाच्या घराण्याची नव्हे, मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या माणसांची हकीकत सांगितली जाते. मालक येतात, पण त्यांच्या अनुषंगाने. २०१९ पासून कारभार ना-नफा संस्थेकडे आहे.

मालकाचं घर बघायला मिळतं ना?

मिळतं, पण तेच पाहायचं म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल. घर फ्रेंच क्रिओल (वसाहतीतच जन्मलेल्या फ्रेंच वंशजांच्या) पद्धतीचं आहे: पूर आणि ओल यांपासून बचाव म्हणून उंचावर उचललेलं, भोवती रुंद व्हरांडा, खोलीतून थेट खोलीत उघडणारी दारं. बांधणी सुरेख आहे यात शंका नाही. मात्र इथे घराकडे यायचं ते मळ्यातून, झोपड्यांवरून आणि स्वयंपाकघरावरून. तोवर घराकडे बघण्याची नजर बदललेली असते, आणि माझ्या मते या जागेची सगळी मांडणी त्यासाठीच केलेली आहे.

ही इस्टेट मुळात कोणाची?

जर्मनीतून आलेल्या हायडेल कुटुंबाची. अम्ब्रोज हायडेल १७२१ मध्ये आई आणि भावंडांबरोबर लुइझियानात आला. नदीकाठच्या या पट्ट्यात जर्मन शेतकरी इतके होते की त्याला ‘जर्मन कोस्ट’ असंच नाव पडलं. अम्ब्रोजने १७५२ मध्ये ही जमीन घेतली आणि नीळ लावली. नीळ म्हणजे हौदात पाला कुजवायचा, घुसळायचा आणि त्या दुर्गंधीत दिवसभर उभं राहायचं. पुढे किडीने निळीची वाट लावली. अम्ब्रोजचा मुलगा जां जाक याने साधारण १८०० च्या सुमारास ऊस धरला. सगळा काठच तेव्हा उसाकडे वळत होता.

१८४० च्या सुमारापासून १८६० मध्ये मृत्यू होईपर्यंत मारी अझेली हायडेल या विधवेने इस्टेट चालवली. तिच्या काळात हा मळा भागातल्या मोठ्या साखर-उत्पादकांपैकी होता, आणि ती वारली तेव्हा शंभराच्या वर माणसं तिच्या मालकीची होती. यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये, ब्रॅडिश जॉन्सन नावाच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली आणि नातवाच्या आडनावावरून तिला ‘व्हिटनी’ नाव दिलं. म्हणजे आज ज्या नावाने ही जागा ओळखली जाते ते नाव गुलामगिरीच्या काळात तिथे नव्हतंच.

मग तिचं संग्रहालय कसं झालं?

आडवळणाने. १९९० मध्ये फॉर्मोसा या तैवानी रसायन कंपनीने रेयॉनचा कारखाना काढायला ही जमीन घेतली. स्थानिक लोकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, बाजारही फिरला, आणि कारखाना झाला नाही. त्या खटपटीत कंपनीने जागेच्या इतिहासाचा मोठा अभ्यास करवून घेतला होता, तो मात्र मागे राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सचे वकील जॉन कमिंग्ज यांनी इस्टेट खरेदी केली. तो अहवाल वाचताना मळ्यावरच्या माणसांच्या याद्या त्यांच्यासमोर आल्या. त्यांनी पदरचे काही दशलक्ष डॉलर आणि दीड दशक घालून संग्रहालय उभं केलं. संशोधनाची बाजू सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांनी सांभाळली. इथल्या अनेक माणसांना ज्या किनाऱ्यावरून जहाजात भरलं गेलं, त्याच भागातला हा अभ्यासक.

आत काय काय आहे? काय चुकवू नये?

शिरल्यावर पहिलं येतं ते अँटिऑक बॅप्टिस्ट चर्च. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी नदीपलीकडे पॉलिना इथे बांधलेलं हे लाकडी देऊळ उचलून इथे आणलं आहे. आत बाकांच्या मधून मुलांचे मातीचे पुतळे उभे आहेत, माणसाच्या उंचीचे, अनवाणी. शिल्पकार वुडरो नॅश. मुलंच का, असा प्रश्न पडतो. १९३० च्या दशकात सरकारी लेखन-प्रकल्पातर्फे हयात असलेल्या माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. तोवर गुलामगिरी संपून सत्तर वर्षं उलटली होती, म्हणजे आठवणी सांगणारे ते म्हातारे गुलामगिरीत असताना लहान मुलं होते. त्यांना त्यांच्या त्या वयात उभं केलं आहे. एवढं कळल्यावर पुतळ्यांमधून चालणं सोपं जात नाही.

पुढे ‘वॉल ऑफ ऑनर’. याच मळ्यावर राबलेल्या साडेतीनशेहून अधिक लोकांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. कुठे वय, कुठे कसब, कुठे आफ्रिकेतली मूळची जमात किंवा प्रदेश: बाम्बारा, मांडिंगो, कोंगो. आडनावं जवळपास नाहीत. ही माहिती आली मालमत्तेच्या याद्यांतून. मालक मेला की वारसांसाठी भांडीकुंडी, बैल, गाड्या आणि माणसं यांची एकत्र मोजदाद व्हायची, प्रत्येकापुढे किंमत लिहून.

त्याहून मोठा परिसर ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांच्या नावाचा आहे. या इतिहासकार बाईंना १९८४ मध्ये लुइझियानातल्याच पॉइंट कूपेच्या कोर्टात जुनी दप्तरं सापडली. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीतले नोटरी इंग्रजी वसाहतींतल्या कारकुनांपेक्षा बरंच जास्त लिहून ठेवत. माणूस कुठला, काय काम येतं, आजार कोणता, पळून गेला होता का. हॉलबाईंनी वर्षानुवर्षं खपून ही माहिती एकत्र केली. त्यातली १,०७,००० नावं इथे दगडावर आहेत. सगळी वाचणं कुणालाच शक्य नाही. एक फळी निवडा आणि ती शांतपणे, वरपासून खालपर्यंत वाचा. मधल्या जागांत मुलाखतींमधले उतारे कोरले आहेत, तेही सोडू नका.

‘फील्ड ऑफ एंजल्स’ हा भाग लहान आहे आणि बहुतेकांना तोच सगळ्यांत जड जातो. या पॅरिशमध्ये गुलामगिरीत जन्मून बालपणीच गेलेल्या २,२०० मुलांचं हे स्मारक. मधोमध एक काळी देवदूत स्त्री तान्हं मूल उचलून नेताना दाखवली आहे. ही नावं चर्चच्या वह्यांतून आली. फ्रेंच अमलात १७२४ चा ‘कोड न्वार’ हा कायदा लागू होता; त्याने गुलामांचा कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला होता. त्यातून नोंदी ठेवायची जी रीत पडली, तिच्यामुळे एरवी कुठेच न उरणारी नावं कागदावर आली. काही ठिकाणी नावही नाही, नुसतं ‘लहान मुलगी’.

शिवाय गुलामांच्या झोपड्या, लोहारशाळा, घरापासून वेगळं बांधलेलं जुनं स्वयंपाकघर, आणि साखरेच्या भल्यामोठ्या लोखंडी काहिली.

सगळ्या इमारती मूळच्या तिथल्याच का?

नाही, आणि संग्रहालय हे लपवत नाही. घर आणि स्वयंपाकघर मूळचं आहे. चर्च बाहेरून आलं. इस्टेटीवरच्या झोपड्यांत गुलामगिरीनंतरही मजूर कुटुंबं राहत होती. शेती १९७५ पर्यंत चालली. त्या झोपड्या पुढे पाडल्या गेल्या, म्हणून दुसऱ्या मळ्यावरच्या आणून लावल्या आहेत. लोखंडी तुरुंगाचा पिंजराही बाहेरचा आणि गुलामगिरी संपल्यानंतरचा, १८६८ च्या सुमाराचा. तो इथे का ठेवला यावर टीका होते. मलाही तो पिंजरा थोडा नाटकी वाटतो. नावांच्या भिंती असताना त्याची गरज नव्हती. २०२१ च्या ‘आयडा’ चक्रीवादळात इथल्या इमारतींचं मोठं नुकसान झालं, त्यामुळे कुठे दुरुस्ती चालू दिसली तर नवल नाही.

उसाचं आणि गुलामगिरीचं एवढं काय नातं? कापूस ना मुख्य?

अमेरिकेत एकूण पाहिलं तर कापूसच मुख्य. पण लुइझियानाच्या या पट्ट्यात ऊस, आणि उसावरचं मरण वेगळं.

ऊस उष्ण प्रदेशाचं पीक. लुइझियानात हिवाळ्यात दहिवर पडून तो गोठतो. कॅरिबियन बेटांवर तोड महिनोन्‌महिने सावकाश चालू शकते; इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सगळा ऊस तोडून, गाळून, आटवून मोकळं व्हायचं. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते, म्हणून चरक थांबवायचा नाही. गळीत हंगामात रात्रंदिवस पाळ्या लागत, एकेका माणसाला अठरा अठरा तास काम पडे. दिवसा कोयता, रात्री चरक. अर्धवट झोपेत हात चरकाच्या लाटांत (रुळांत) जायचे. काहिली एका रांगेत भट्टीवर बसवलेल्या असत, मोठीपासून लहानपर्यंत. उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत उपसत न्यायचा, शेवटच्या काहिलीत पाक नेमका कधी उतरवायचा हे डोळ्यांनी ओळखायचं. हे ओळखणारा माणूसही गुलामच, आणि यादीत त्याची किंमत जास्त.

१७९५ मध्ये एत्येन द बोरे या मळेवाल्याने न्यू ऑर्लिन्सजवळ रवाळ साखर पाडून दाखवली. त्याच सुमाराला सेंट डोमिंग, म्हणजे आजचं हैती, १७९१ च्या उठावापासून पेटलं होतं आणि जगाचा सर्वांत मोठा साखरपुरवठा कोसळला होता. १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना विकत घेतलं आणि १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी आली. मग व्हर्जिनिया, मेरीलँडकडून माणसं दक्षिणेत विकली जाऊ लागली आणि न्यू ऑर्लिन्स देशातला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार झाला. मळेवाले मुख्यतः तरुण पुरुष विकत घेत. काम असं की ऊसपट्ट्यात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. संख्या टिकायची ती नव्या खरेदीवर.

एक गोष्ट फिरताना विचारायला हरकत नाही: वाफेवर, हवेचा दाब कमी करून टप्प्याटप्प्याने रस आटवण्याचं यंत्र १८४० च्या दशकात नॉर्बर्ट रिलियू याने शोधलं. तो न्यू ऑर्लिन्सचा, कृष्णवर्णीय आईचा मुलगा, जन्माने मुक्त, पॅरिसमध्ये शिकलेला. आजचे साखर कारखाने रस आटवतात ते त्याच तत्त्वावर.

१८११ च्या बंडाचं स्मारक म्हणजे काय?

८ जानेवारी १८११ च्या रात्री याच जर्मन कोस्टवर, नदीच्या पूर्व काठाला, मॅन्युएल आंद्रीच्या मळ्यावर उठाव झाला. म्होरक्या चार्ल्स डेलाँद. वाटेत मळ्यामळ्यांवरून माणसं सामील होत गेली, शेकडो जण न्यू ऑर्लिन्सच्या रोखाने निघाले. हातात बहुतेक कोयते आणि शेतीची अवजारं. दोन दिवसांत सैन्याने आणि मळेवाल्यांच्या टोळ्यांनी त्यांना मोडून काढलं. पुढे चौकशांचं सोंग झालं, शिरच्छेद झाले आणि दहशतीसाठी मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली. स्मारकात तेच आहे: सळयांवर मातीची मुंडकी. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गुलाम-उठावांपैकी हा एक, तरी शाळेच्या पुस्तकांत तो फार काळ सापडत नव्हता.

मुलांना न्यावं का?

दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना जरूर न्या, आदल्या दिवशी थोडं सांगून. त्याहून लहानांना उन्हात दीड तास ऐकत फिरणं जमणार नाही. १८११ चं स्मारक थोडं आडबाजूला आहे. नको वाटलं तर वगळता येतं.

कसं जायचं?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी, नाहीतर न्यू ऑर्लिन्सहून निघणारी सहल-बस. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅप-टॅक्सी जाताना मिळेल, परतीची मिळेलच असं नाही, हे आधीच लक्षात घ्या. आय-१० महामार्गाने पश्चिमेला जाऊन ग्रामर्सीजवळच्या व्हेटरन्स मेमोरियल पुलाने मिसिसिपी ओलांडली की पलीकडे वॉलेस. नदीकाठच्या रस्त्याने जाताना नदी दिसत नाही, मध्ये उंच मातीचा बांध आहे. गाडी सुरक्षित लावून बांधावर चढलात तर एकीकडे पाणी आणि दुसरीकडे नदीला काटकोनात लांब पसरलेल्या उसाच्या पट्ट्या दिसतात. फ्रेंच काळात प्रत्येकाला नदीचा थोडा काठ मिळावा म्हणून जमिनी अशा अरुंद, लांब वाटल्या होत्या.

तिकीट, वेळ, सुट्टी?

तिकीट आधी ऑनलाइन काढा, विशेषतः मार्गदर्शकासोबतच्या फेरीचं. मंगळवारी बंद असतं. सणांच्या सुट्ट्या आणि दर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा. किमान दोन तास धरा. ‘अर्ध्या तासात उरकू’ म्हणणाऱ्यांनी जाऊच नये.

मार्गदर्शक घ्यावा की ऑडिओ?

मार्गदर्शक, जमत असेल तर. तुम्ही प्रश्न विचारू शकता, आणि इथे प्रश्न पडतातच. त्यांचं इंग्रजी दक्षिणेच्या ढंगाचं असू शकतं; गटात पुढे राहा. नावांच्या भिंतींपाशी रेंगाळायचं असेल तर ऑडिओ बरा, कारण कुणी पुढे ढकलत नाही. मराठीत सोय नाही.

कोणत्या ऋतूत जावं?

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि दमटपणा जीव नकोसा करतो आणि फिरणं बहुतेक उघड्यावर आहे. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. तरी माझं मत ऑक्टोबरअखेरीला: तेव्हा आजूबाजूला खरोखरच ऊसतोड चालू असते, आता यंत्रांनी.

सोबत काय असावं?

पाणी, टोपी, डासांचं मलम, बंद बूट. पावसानंतर गवत आणि वाटा चिखलतात. पोटभर जेवण तिथे मिळेल असं धरून जाऊ नका. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करून विचारा, कारण वाटा सपाट फरशीच्या नाहीत.

फोटो काढले तर चालतात? प्री-वेडिंग शूट?

स्वतःपुरते फोटो चालतात. पुतळ्यांच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढू नका, एवढं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. लग्न, मेजवान्या, तसले शूट यांची ही जागा नाही. रिव्हर रोडवरच्या इतर काही इस्टेटी लग्नाला भाड्याने मिळतात. त्यावर अमेरिकेत बराच वाद झाला आहे.

आपला या इतिहासाशी काय संबंध?

जोतीराव फुल्यांना असा प्रश्न पडला नव्हता. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. अमेरिकेत तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपून तेव्हा आठ वर्षंच झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाने तिकडची बातमी इतक्या जवळून पाहिली, हे तिथे उभं राहून आठवतं.

गुलामांचे वंशज आज आहेत का?

आहेत, आणि त्यांतले काही संग्रहालयाशी जोडलेले आहेत. अ‍ॅना नावाच्या गुलाम स्त्रीला मालकीण मारी अझेली हिच्या भावापासून झालेला मुलगा व्हिक्टर हायडेल. त्याच्या वंशातल्या सिबिल हायडेल मोरियल या शिक्षणक्षेत्रातल्या आणि नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या; २०२४ मध्ये त्या वारल्या. त्यांचे पती अर्नेस्ट मोरियल १९७८ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, पुढे मुलगा मार्कही महापौर झाला.

आजूबाजूला एवढे कारखाने का दिसतात?

कारण मोठमोठ्या, सलग, नदीला लागून असलेल्या जमिनी इस्टेटींच्या होत्या आणि विसाव्या शतकात त्या रसायन व तेल कंपन्यांनी घेतल्या. मुक्त झालेल्या लोकांच्या वस्त्या मात्र शेजारीच राहिल्या. बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या या पट्ट्याला लोक ‘कॅन्सर अ‍ॅली’ म्हणतात. वॉलेसमध्ये धान्याचं एक प्रचंड टर्मिनल येऊ घातलं होतं. तिथल्या वंशजांनी लढा दिला आणि २०२४ मध्ये कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी या लढ्यातल्या बॅनर भगिनींच्या संस्थेने १८११ चा उठाव जिथे सुरू झाला ते लाप्लासचं घर विकत घेतलं.

ओक अ‍ॅली की व्हिटनी? दोन्ही एका दिवसात होतील?

होतील. ओक अ‍ॅली इथून जवळच, व्हॅशरीला. अठ्ठावीस ओक वृक्षांची ती प्रसिद्ध वाट खरंच देखणी आहे, आणि गुलामांच्या आयुष्यावरचं प्रदर्शन तिथेही आहे. तिथल्या अँट्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४० च्या दशकात पेकान या अक्रोडवर्गी झाडाचं कलम पहिल्यांदा यशस्वी केलं. शेजारच्याच लॉरा प्लँटेशनमध्ये क्रिओल कुटुंबाचे कागद आणि त्यातून सांगितलेली गुलामांची हकीकत चांगली आहे. एकच पाहायचं असेल तर व्हिटनी. दोन पाहायची असतील तर सकाळी व्हिटनी, कारण ऊन कमी असतं आणि डोकं ताजं असतं. दुपारी ओकच्या सावलीत जा. दिवस हाताशी असेल तर पूर्व काठावरचं डेस्ट्रेहान. १८११ च्या काही बंडखोरांवर तिथे खटला चालला होता, आणि परतीच्या वाटेवर, विमानतळाच्या थोडं अलीकडे, ते लागतं.